मेलंय की नुसतं गप्प बसलंय?

गिटहबचा (प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती साईट) २१ ऑक्टोबर २०१८चा किस्सा आमच्या लाईनमधल्या, म्हणजे डेटा सेंटर आणि स्टोरेज सांभाळणाऱ्या, बहुतेकांनी वाचलेला असतो, पण त्यातली खरी गोम बरेच जण सोडून देतात असं मला वाटतं, म्हणून आधी तोच सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं मुख्य डेटा सेंटर आणि तिथलंच नेटवर्कचं हब, या दोघांमध्ये एक १०० गिगाबिटचं ऑप्टिकल इक्विपमेंट खराब होत चाललं होतं, ते बदलायचं काम काढलं होतं, एकदम रुटीन मेंटेनन्स. रविवार होता. यूटीसी २२:५२, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटेचे चार बावीस. ते बदलताना हब आणि सेंटरमधलं कनेक्शन ४३ सेकंदांसाठी गेलं. बास, एवढंच. ४३ सेकंद आपण लिफ्टची वाट बघत घालवतो. आणि त्यानंतर २४ तास ११ मिनिटं साईट धड नव्हती.

आता त्या ४३ सेकंदांत काय झालं ते बघा. गिटहबवरचे इश्यू, पुल रिक्वेस्ट, कमेंट्स वगैरे सगळं मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लस्टर्समध्ये, म्हणजे सर्व्हरच्या गटांमध्ये, असतं (गिटचा कोड वेगळीकडे, त्याला यात काही झालं नाही). प्रत्येक क्लस्टरला एक प्रायमरी, लिहायचं फक्त त्याच्यावर, बाकीच्या रेप्लिका त्याच्याकडून उतरवून घेतात. प्रायमरी गेला तर गादीवर कोणाला बसवायचं हे ठरवायला ऑर्केस्ट्रेटर नावाचं सॉफ्टवेअर होतं, आणि ते काही कोणी एका कोपऱ्यातल्या सर्व्हरवर टाकून दिलेलं नव्हतं, पूर्वेचं सेंटर, पश्चिमेचं सेंटर आणि पूर्वेकडचं एक पब्लिक क्लाउड असं पसरून ठेवलं होतं, राफ्ट अल्गोरिदमने बहुमत घेऊनच निर्णय करायचा अशी सोय. म्हणजे पुस्तकात जसं सांगतात अगदी तसं. पूर्वेचं सेंटर दिसेना झालं, तेव्हा पश्चिमेच्या आणि क्लाउडमधल्या नोड्सनी मिळून कोरम भरवला, ठराव पास केला आणि प्रायमरी पश्चिमेला नेला. कुठेही बग नाही, सगळं नियमात.

फक्त पूर्वेचं सेंटर मेलं नव्हतं. ते नुसतं ऐकू येत नव्हतं. लिंक तुटायच्या आधीच्या काही सेकंदांत त्याने घेतलेले राइट्स (लिहून घेतलेल्या नोंदी) पश्चिमेला पोचलेच नव्हते, आणि लिंक परत आली तशी ॲप्लिकेशन्स बिनधास्त पश्चिमेला लिहायला लागली, चाळीसेक मिनिटं लिहीत राहिली. दोन भावांचं एकच किराणा दुकान, गावात दोन गल्ल्यांत दोन गाळे, उधारीची वही एकच पण फोनवर विचारून दोघांकडे लिहून ठेवलेली, आणि मधेच फोन बंद, आणि दोघांनीही गिऱ्हाईक परत पाठवलं नाही, असं काहीसं. संध्याकाळी कोणाची वही खरी मानायची? दोन्ही खऱ्या आहेत हाच तर प्रॉब्लेम. नंतर मोजलं तेव्हा त्यांच्या सगळ्यात बिझी क्लस्टर्सपैकी एकामध्ये असे ९५४ राइट्स अधांतरी लटकलेले निघाले.

मागे फिरायचं तर पश्चिमेला लिहिलेलं जाणार. पुढे जायचं तर पूर्वेची ॲप्लिकेशन्स प्रत्येक क्वेरीला अख्खा अमेरिका खंड ओलांडून जाणार-येणार, त्यांना ते झेपत नव्हतं. काही सेकंदांचा डेटा द्या सोडून आणि साईट उठवा, हा एक मार्ग होता, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मॅनेजरांनी तोच घेतला असता. त्यांनी घेतला नाही. डेटाची शुद्धता आधी, साईट नंतर असं ठरवलं, बॅकअपवरून कित्येक टीबी रिस्टोअर केले, त्याला तासन् तास गेले, तोवर पन्नास लाखांहून जास्त वेबहुक (दुसऱ्या सिस्टिमांना आपोआप जाणारे निरोप) रांगेत तुंबले. याच्यानंतर पाचच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतल्याचा व्यवहार पूर्ण झाला, म्हणजे मुहूर्त काय साधला बघा!

आता यावरून लगेच "म्हणून ऑटोमेशनवर विश्वास नको" असं म्हणणारे भेटतात. असं बोलणाऱ्याने लाखभर डिस्क कधी सांभाळलेल्या नसतात. साधा हिशोब आहे, हार्ड डिस्क वर्षाला शेकडा एक-दीड मरतातच, म्हणजे एक लाख डिस्क असतील तर रोज तीन-चार. रोज! दिवाळी असो, रविवार असो. प्रत्येकीसाठी कोणी उठून "आता हिच्यावरचं कुठे कॉपी करू" असा विचार करत बसला तर त्याचं बाकीचं आयुष्य तिथेच संपेल. गुगलने २००३ साली त्यांच्या फाईल सिस्टिमवर जो पेपर काढला त्यात हे फार शांतपणे लिहिलंय, की पार्ट निकामी होणं हा अपवाद नाही, तोच नियम धरून चालायचं. डेटाचे ६४ एमबीचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या तीन कॉपी वेगवेगळ्या मशीनवर, एक मास्टर सगळ्यांकडून "आहेस ना?" असं थोड्या थोड्या वेळाने विचारत राहणार, उत्तर आलं नाही की तिच्यावरच्या तुकड्यांची नवी कॉपी दुसरीकडे, आणि ज्या तुकड्याची एकच कॉपी उरलीय त्याचा नंबर आधी. आमच्या कामातला निम्मा अर्धा भाग आजही याच्यावरच उभा आहे, नावं बदलली एवढंच.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, एका सेंटरच्या आत यंत्राची चूक झाली तरी चालते. डिस्क मेली नव्हती, नुसती गप्प होती, तरी मास्टरने तिची नवी कॉपी बनवली, थोड्या वेळाने जुनी डिस्क परत आली, तर काय बिघडलं? तीनच्या जागी चार कॉपी झाल्या. एक पुसून टाकायची. या फुकटच्या चुकीच्या जोरावर सगळा आराम आहे. पण प्रायमरी कोण, हे ठरवण्यात चूक झाली तर दोन प्रायमरी होतात, आणि त्यातला एक पुसून टाका म्हणणं इतकं सोपं नाही. कॉपी जास्त झाली तर पैसे जातात, मालक जास्त झाले तर इज्जत जाते.

पैशांवरून आठवलं. तीन कॉपी म्हणजे तिप्पट जागा, आणि फोटो तर लोक टाकतात आणि विसरतात. फेसबुकने २०१४ मध्ये एफफोर नावाची सिस्टिम मांडली, खास अशा कोमट डेटासाठी, म्हणजे ज्याला रोज कोणी विचारत नाही पण विचारलं तर लगेच दाखवायला लागतं. त्यात रीड-सॉलोमन कोडिंग वापरतात (हे गणित १९६०चं, सीडीवर ओरखडा आला तरी गाणं वाजायचं त्यातही हेच होतं). डेटाचे दहा भाग, वर हिशोबाने काढलेले चार जास्तीचे भाग, चौदापैकी कुठलेही दहा हाताशी असले की अख्खा डेटा परत. म्हणजे तिप्पटच्या जागी १.४ पट. पण हे झालं एका सेंटरचं, अख्खं सेंटरच गेलं तर? तर दुसऱ्या सेंटरमध्ये सरळ आणखी एक कॉपी ठेवली की २.८ पट. इथे त्यांनी जे केलं ते मला अजूनही भारी वाटतं. एका सेंटरमधला एक ब्लॉक, दुसऱ्या सेंटरमधला कुठलातरी भलताच ब्लॉक, दोघांचा एक्सॉर (बिटांची एक प्रकारची बेरीज) करून तो तिसऱ्या सेंटरमध्ये ठेवायचा. कुठलंही एक सेंटर उडालं तरी उरलेल्या दोघांवरून तिसरा काढता येतो. दोन ब्लॉकांसाठी जागा तीन ब्लॉकांची, म्हणजे दीडपट, आणि १.४ गुणिले दीड म्हणजे २.१. तुमच्या लग्नाचा फोटो आणि ब्राझीलमधल्या कोणाच्या तरी कुत्र्याचा फोटो एकमेकांचे जामीनदार, दोघांनाही पत्ता नाही.

मग प्रश्न येतो की कुठल्या माणसाचा डेटा कुठल्या सेंटरमध्ये ठेवायचा. हे हाताने ठरवणं शक्यच नाही, कोटींनी माणसं आहेत आणि ती हलतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१० साली यावर व्हॉली नावाचं काम केलं होतं, लाइव्ह मेसेंजर आणि लाइव्ह मेश या त्यांच्याच सेवांचे महिनाभराचे लॉग घेऊन. कोण कुठून लॉगिन करतं एवढंच बघून चालत नाही, कुठला डेटा कुठल्या डेटाशी सारखा बोलतो तेही बघावं लागतं. म्हणजे पुण्यातल्या आईचं आणि न्यू जर्सीतल्या मुलीचं रोजचं चॅट असेल, तर दोघींचा डेटा आपापल्या घराजवळ ठेवला की दर मेसेजला दोन सेंटरांमध्ये फेरी पडते, आणि एकत्र ठेवला तर एकीला लांब पडतं. व्हॉली पृथ्वीच्या गोलावर वजनं लावून मधला बिंदू काढायचं, मग सगळे डेटा एकमेकांकडे थोडे थोडे ओढायचं, आणि शेवटी कुठल्या सेंटरात किती जागा आहे ते बघून वाटप. सेंटरांमधला ट्रॅफिक १.८ पटीहून जास्त कमी झाला असं त्यांनी दाखवलं. वाचायला सुंदर पेपर आहे, गणितवाल्यांनी जरूर वाचावा.

पण आपल्याकडे कामाला बसलं की गणिताच्या आधी सर्क्युलर येतं. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ला सांगितलं की पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायचा, सहा महिने दिले. झालं, मधला बिंदू अरबी समुद्रात येवो नाहीतर लंडनमध्ये, ठेवायचं इथेच. मग इथे म्हणजे कुठे? तर ठाणे-बेलापूर रोडला जाऊन बघा, ऐरोली, रबाळे, महापे, जिथे केमिकलच्या कंपन्या होत्या तिथे आता खिडक्या नसलेल्या भल्यामोठ्या इमारती उभ्या आहेत, बाहेर डिझेल जनरेटरची रांग. समुद्राखालच्या केबल मुंबईत येतात, वीज आहे, बँका जवळ आहेत. प्रायमरी तिथे. आणि डीआर, म्हणजे प्रायमरी गेला तर कामाला येणारं राखीव सेंटर? तो तिथेच ठेवून उपयोग नाही, २६ जुलैसारखा पाऊस दोन्हीकडे एकदमच पडणार. म्हणून डीआर हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई असा लांब, भूकंपाचा झोनसुद्धा वेगळा बघून.

लांब ठेवलं की प्रकाशाचा वेग आडवा येतो, त्याच्याशी कोणाचं सेटिंग नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. हैदराबाद सातशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन सात मिलिसेकंद, तेही केबल सरळ गेली तर. प्रत्येक एंट्री "तिकडे लिहिली गेली" असं उत्तर येईपर्यंत थांबवली तर महिनाअखेरीला बँकेची सिस्टिम गुडघ्यावर येईल. म्हणून लांबच्या डीआरला कॉपी मागाहून जाते, काही सेकंदांनी, आणि एखादी नियर साईट जवळपास ठेवतात तिथे मात्र जागच्या जागी. हे जे "काही सेकंद" आहेत ना, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तरी चालेल, त्यांना आमच्या कागदपत्रांत आरपीओ म्हणतात, कॉलममध्ये एक छोटा आकडा असतो, सगळे सही करतात. गिटहबचे ते ९५४ याच कॉलममधले.

बरं, ठरवणारं यंत्र स्वतः कुठे राहतं, हा आणखी एक प्रश्न. १५ ऑक्टोबर २०२२ला दक्षिण कोरियात सोलच्या दक्षिणेला पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये बॅटरी रूमला आग लागली. काकाओ कंपनीचे ३२ हजार सर्व्हर तिथे. काकाओटॉक म्हणजे त्यांच्याकडचं व्हॉट्सॲपच, शिवाय टॅक्सी, पेमेंट, नकाशे, सगळंच त्यावर. पूर्ववत व्हायला १२७ तास ३० मिनिटं लागली, को-सीईओचा राजीनामा गेला. कॉपी नव्हत्या का? बऱ्याच गोष्टींच्या होत्या, दुसऱ्या सेंटरांत होत्या. पण पांग्यो पडलं तर दुसरीकडे आपोआप वळवायचं जे सॉफ्टवेअर होतं, ते बसवलेलं होतं फक्त पांग्योमध्ये. हे त्यांनी स्वतःच नंतर त्यांच्या कॉन्फरन्समध्ये सांगितलं. ऐकताना हसू येतं, पण तुम्ही आपापल्या कंपनीत जाऊन विचारा की आपलं फेलओव्हरचं टूल कुठल्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) चालतं आणि ती व्हीएम कुठल्या स्टोरेजवर आहे, मीटिंगमध्ये कशी शांतता पसरते बघा. त्याच देशात सप्टेंबर २०२५मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, परत बॅटरीच, आणि सरकारी नोकरांची ८५८ टीबीची जी ड्राइव्ह होती तिची बाहेर कुठे कॉपीच नव्हती. साईझ फार मोठी म्हणून बॅकअप नाही, असं कारण. यावर मी काय बोलणार.

आणि मग ती नरक चतुर्दशी. २० ऑक्टोबर २०२५. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, दुपारी जरा आडवं पडावं म्हटलं तर ग्रुपवर टुणटुण सुरू. बारा अठराला ॲमेझॉनच्या क्लाउडच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये डायनॅमोडीबी, म्हणजे त्यांची डेटाबेसची सेवा, दिसेनाशी झाली होती. आमचं काम मुंबई रीजनवर, तिथे सगळं ठीक, पण आम्ही वापरतो ती दोन-तीन टूल्स कुठूनतरी तिकडेच टेकलेली निघाली, त्यामुळे डॅशबोर्ड लाल आणि खाली सिस्टिम ठणठणीत, असा उलटा प्रकार. सासूबाई म्हणाल्या, "अगं सणाच्या दिवशी तरी ठेव तो फोन," आणि त्या दिवशी खरंच ठेवता आला असता, कारण आमच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

काय झालं होतं ते नंतर ॲमेझॉनने सविस्तर लिहिलं. डायनॅमोडीबीच्या पत्त्यामागे प्रचंड लोड बॅलन्सर असतात, त्यातले कुठले चालू ठेवायचे याचा प्लॅन एक प्लॅनर बनवतो, आणि तो डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची डिरेक्टरी) लावायचं काम एनॅक्टर करतात. हे एनॅक्टर तीन, तीन वेगळ्या झोनमध्ये, एकमेकांवर अवलंबून नसलेले, मुद्दाम तसे, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. त्या दिवशी एक एनॅक्टर कुठेतरी रखडला. तोपर्यंत दुसऱ्याने नवीन प्लॅन लावूनसुद्धा टाकला आणि जुने प्लॅन झाडून काढायला घेतले. त्याच क्षणी रखडलेला एनॅक्टर जागा झाला आणि हातातला शिळा प्लॅन नव्यावर लावून मोकळा झाला, आपला प्लॅन नवीन आहे ना हे त्याने तपासलं होतं पण ते बरंच आधी. आणि सफाईवाल्याने तो शिळा प्लॅन जुना म्हणून पुसला. पत्ता रिकामा! आणि अवस्था अशी विचित्र झाली की कुठलाच एनॅक्टर पुढे काही लावू शकेना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्त केलं, आपल्याकडे तीनच्या सुमाराला पत्ता परत आला, बाकीचं गाडं रुळावर यायला पुढे कित्येक तास गेले. आणि ॲमेझॉनने ते ऑटोमेशन जगभर बंद करून ठेवलं.

इथेही तेच आहे बघा. रखडलेला एनॅक्टर मेलेला नव्हता, गप्प होता. मेला असता तर काहीच झालं नसतं.

आता आमच्याकडची ड्रिल. नाव सांगत नाही, एक आर्थिक संस्था आहे, वर्षातून दोनदा डीआर ड्रिल करावीच लागते. शनिवारी रात्री ब्रिज कॉल लागतो, नेटवर्कवाले, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा), स्टोरेजमधून मी, ॲपवाले, संस्थेचे साहेब, आणि एक ऑडिटर जो म्यूटवर असतो पण झोपलेला नसतो. एक्सेल शीट उघडी, त्यात स्टेप, मालक, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. "सर, प्रायमरी डाउन घेतोय, कन्फर्म करा." "कन्फर्म्ड, मेल टाका." मेल येतो, मग पुढची स्टेप. टूल विकत घेताना व्हेंडरने एक बटण दाखवलं होतं, एका क्लिकमध्ये हैदराबाद. ते बटण आहे, पण ते दाबायच्या आधी तीन माणसांचं हो लागतं. टीममधली नवीन पोरं याची टिंगल करतात. परवा एकाने सरळच विचारलं, "मॅडम, एवढं महागडं टूल, मग ऑटोवर का नाही ठेवत?"

मला ती तीन माणसं पटतात. शहराच्या आत, नियर साईटला, ऑटो चालू ठेवावं, तिथे कॉपी जागच्या जागी आहे, चुकलं तरी वही एकच राहते. पण सातशे किलोमीटर लांब जायचं तर कोणीतरी फोन करून विचारावं की बाबा तिकडे लाईट आहे का, आग लागलीय का, की नुसतं कोणी स्विच रीस्टार्ट केलाय. गिटहबनेही नंतर हेच केलं, ऑर्केस्ट्रेटरला रीजन ओलांडून प्रायमरी हलवायला मनाई. या विचारण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, आरटीओच्या (सिस्टिम परत उठायला किती वेळ चालेल त्याच्या) कॉलममध्ये ती दिसतात, साहेब नाराज होतात. होऊ दे.

माझं भांडण ड्रिलशी वेगळंच आहे. ड्रिलमध्ये आम्ही आधी ॲप्लिकेशन्स नीट बंद करतो, डीबीए थांबतो, लॅग (डीआरची कॉपी किती मागे आहे तो आकडा) शून्य झाला की मी "स्टोरेज सिंक झालं" म्हणते, मग स्विच. म्हणजे प्रायमरी अगदी निरवानिरव करून, सगळ्यांचा निरोप घेऊन जातो. असं कोण जातं? आगीत नाही, पुरात नाही, आणि ऑप्टिकल इक्विपमेंट बदलताना तर नाहीच. आणि परत येणं? त्यालाही रविवार अख्खा हाताशी असतो, डीआरवर कोणी खरं गिऱ्हाईक लिहीत नसतं, त्यामुळे दोन वह्या कधी होतच नाहीत. व्हेंडरच्या कुठल्याही डेमोमध्ये मी हे परत येणं, म्हणजे फेलबॅक, बघितलेला नाही, जेवणाची वेळ झालेली असते.

म्हणून पुढच्या ड्रिलसाठी मी एक स्टेप सुचवलीय. काही बंद करायचं नाही, टेस्टचं लोड चालू ठेवायचं, आणि मधली लिंक फक्त एक मिनिट काढून परत लावायची, मग बघू कोण कोणाला मेलेलं समजतं आणि लॅगमध्ये अडकलेलं आम्हाला शोधता येतं का. कॉलवर जरा वेळ कोणी बोललं नाही, ऑडिटर पहिल्यांदाच म्यूट काढून म्हणाला की ही स्टेप कशासाठी आहे ते समजलं नाही, आणि साहेब म्हणाले, "मॅडम, चालू सिस्टिमची लिंक काढायची म्हणजे वरून अप्रूव्हल लागेल, तुम्ही मेल टाका, रिस्क कोण घेणार तो कॉलम भरून." मेल टाकलाय. कॉलममध्ये काय लिहायचं ते कोणीच सांगत नाहीये, तेव्हा सध्या माझंच नाव आहे.